एक धागा जास्तीचा

सिहोरा, ता. तुमसर
२२ जुलै १९८०

निर्मले,

आशीर्वाद घे. मोठा भाऊ हाय म्हनून द्यावे लागतात, नाहीतर तुह्या त्या तारेवर मी दिले नसते. "अभिनंदन. प्रकृतीस जपावे." कोनाच्या, माह्या का कौशल्याच्या, ते बी लिहिलं नाही. जवाहरनगरात शब्द रेशनवर भेटतात का?

लेकरू ज्येष्ठात झालं, मुलगा हाय, आन पंचेचाळिशीतला बाप पाहून गाव हसून राहिलं असन असं तुले वाटत असन तर बरोबर वाटते. तुळसा पंधरा वर्षांची, यंदा दहावीत, आन आता तिच्या पाठीवर भाऊ. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल तिकोन काढला हाय, त्याच्यापुढून मी सायकल जोरात चालवतो.

नाव गोपीचंद ठेवलं. पोट्टा असा शांत का शेजाऱ्याइले वाटते घरात लेकरूच नाही. भूक लागली तरी रडत नाही. जीभ बाहेर काढून पाहत राहते, जसा सरपंच कोनाची तक्रार ऐकून राहिला. उचललं तर भिजलेल्या धोतरावानी खांद्यावर पडते. माय म्हनते, साधू हाय. जोशीबुवानं हात पाहिला. आपल्या तळहातावर वरच्या बाजूनं दोन रेघा राहतात, याच्या दोन्ही हातावर एकच, या काठापासून त्या काठापर्यंत, वावराच्या धुऱ्यासारखी सरळ. बुवा म्हनाले, लाखात एखाद्याले असते, राजयोग हाय. सिहोऱ्यात राजाची जागा रिकामीच हाय, तवा अडचन येनार नाही.

एक गोठ मात्र मायच्या मनात खुपून राहिली. फेब्रुवारीत ग्रहण लागलं तवा कौशल्या घरात बसली नव्हती. गाय दाव्यात अटकून हंबरत होती म्हनून गोठ्यात गेली आन दावं विळ्यानं कापलं. गावात तवा कुत्रं बी बाहेर नव्हतं. लेकरू झाल्यापासून माय त्याचे कान-ओठ रोज चाचपून पाहते. सगळे जागेवर हायेत. तू शाळेत विज्ञान शिकवतेस म्हनून हे मुद्दाम सांगतो, तेवढाच तुले राग यावा.

धानाचे रोवणे सुरू हाय. रोपाचे परे वावराच्या बांदीत, आमी चिखलात, आन जवाईबापू पंख्याखाली. ते त्या पहाऱ्यातल्या सरकारी कारखान्यात काय बनवतात ते यंदा तरी सांगतीन का?

तुहा भाऊ,
टेकचंद


जवाहरनगर
४ ऑगस्ट १९८०

ती. भाऊ,

वाकून नमस्कार, खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं.

हे कारखान्यात काय बनवतात ते मलाही सांगत नाहीत. घरी चहासुद्धा बनवत नाहीत, त्यावरून अंदाज करणं कठीण आहे.

राजपुत्राबद्दल वाचून आनंद झाला. पण राजयोग नुसता हातावरून ठरत नाही, पायही पाहावे लागतात, असं आमच्याकडच्या जोशाचं मत आहे. त्याच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात जास्तीची फट आहे का, पाहून कळव. मान धरायला लागला का? दूध ओढताना दमतो का, ओठ निळे पडतात का? आणि वहिनीला यंदा कितवं वर्ष लागलं, नक्की? मायला विचारू नको, ती दरवर्षी वेगळं सांगते.

ग्रहणाचं म्हणशील तर त्या दिवशी चंद्र सूर्यापुढे आला आणि निघून गेला. त्याला तुझ्या गोठ्यातलं काही दिसलं नाही. गाय मोकळी झाली हे मात्र चांगलं झालं.

रोवणे आटोपले की गोपीला घेऊन नागपूरला जाऊ. लसी टोचून घेऊ, एक चांगले लहान मुलांचे डॉक्टर आहेत त्यांना दाखवू. मी रजा काढते. घाई नाही, पण उशीरही करू नको.

तुझी,
निर्मला


सिहोरा
३० ऑगस्ट १९८०

निर्मले,

तुहं पत्र वाचून मले वाटलं, तू बैल पाहाले बाजारात आलीस. पाय कसे, मान कशी, दमते का. शेपटीचं इचाराचं राहून गेलं.

पाहिलं. अंगठ्याच्या बाजूले फट हाय, माहं बोट मावते. मंग राजयोग पक्का का? मान अजून धरत नाही, राजाले मान वाकवाची सवय नसन. दूध पिताना दमते, घाम येते. ओठ निळे नाहीत. कौशल्याले एक्केचाळीस.

आता तू सांग, हे सारं काहून इचारतेस. तू लहानपनापासून अशीच. आतलं आत ठेवून वरचं वरचं बोलतेस, आन समोरच्याले वाटते, थट्टा चालू हाय. कौशल्यानं पत्र वाचलं आन दिवसभर लेकराचे पाय पाहत बसली.

नागपूर कायले? बांदीतलं पानी सोडून मी येऊ शकत नाही, आन माय म्हनते, निरोग्या लेकराले दवाखाना दाखवला का त्याले सवय लागते. तूच दसऱ्याले ये. आली का मंग पाहू.

टेकचंद


जवाहरनगर
१९ नोव्हेंबर १९८०

ती. भाऊ,

दसऱ्याला येऊन मी तुम्हाला नागपूरला नेलं, तिथून परतल्यापासून तुझं एक अक्षर नाही. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते आणि तू सारखी मान हलवत होतास, तेव्हाच मी ओळखलं की तुला काही कळत नाहीये. येताना बसमध्ये तू मला एवढंच विचारलंस, "हे ग्रहणानं झालं का?" मी म्हटलं, लिहून कळवते. वहिनी शेजारी बसली होती आणि खिडकीबाहेर पाहत होती. तिच्यासमोर चुकीचा शब्द जाऊ नये म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते. नीट वाच.

आपलं अंग पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीत शेहेचाळीस बारीक धागे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. नाक कसं, रंग कसा, आपल्या घराण्याचा हट्ट किती, सगळं त्यांच्यात. ते जोडीनं असतात, तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतला एक आईकडून आलेला, एक बापाकडून.

पेशी दोन रीतींनी विभागते. पहिली रीत सूत्री विभाजन. प्रत्येक धाग्याची नक्कल तयार होते, अस्सल एका टोकाला आणि नक्कल दुसऱ्या टोकाला ओढली जाते, आणि एका पेशीच्या दोन होतात. दोघींत पुन्हा शेहेचाळीसच. तुझ्या पायाला विळा लागला होता ती जखम अशीच भरली. हे विभाजन म्हणजे कचेरीतला जुना कारकून. समोर आलेला कागद जसाच्या तसा उतरवतो, डोकं चालवत नाही.

दुसरी रीत अर्धगुणसूत्री विभाजन. ती फक्त बाईच्या अंड्यासाठी आणि पुरुषाच्या बीजासाठी. (मोठ्या भावाला हे लिहायला अवघड जातं. वर्गात चाळीस पोरींसमोर अजिबात जात नाही.) इथं जोडीतले दोन धागे एकमेकांना सोडतात आणि अंड्यात प्रत्येक जोडीतला एकच जातो, म्हणजे तेवीस. बापाचे तेवीस येऊन मिळाले की शेहेचाळीस पुरे होतात. आंधळगावला कोसा रेशीम उकलताना आपण पाहायचो ना, कधी दोन धागे चिकटतात आणि दोन्ही एकाच रिळावर जातात. तसंच झालं. एकविसाव्या जोडीतले दोन्ही धागे एकाच अंड्यात गेले. अंड्याचे चोवीस, तुझे तेवीस, गोपीचे सत्तेचाळीस. मग तो कारकून कामाला बसला आणि त्यानं गोपीच्या पेशीपेशीत सत्तेचाळीस उतरवले, अगदी चोख. जीभ, डोळे, मऊ अंग, हातावरची ती रेघ, सगळं त्या एका जास्तीच्या धाग्याचं आहे. बुवांचा राजयोग तो हाच. डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलंय, पण त्यांना शंका नाही. मलाही नाही. तुझं जुलैतलं पत्र वाचलं तेव्हापासूनच नव्हती. तेव्हा सरळ लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून बोटांची चौकशी केली.

आता ग्रहण. गोपी पोटात राहिला गेल्या दसऱ्याच्या आसपास, ग्रहण लागलं माघात. तोवर धाग्यांचं वाटप होऊन महिने झाले होते. खरं म्हणजे त्याची सुरुवात फार आधीची. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची सगळी अंडी तयार होतात, त्यांचं विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं. उरलेलं काम पुढे त्या त्या महिन्यात पुरं होतं. म्हणजे गोपीचं अंडं वहिनी तिच्या आईच्या, लाखांदूरच्या मनकर्णाबाईंच्या, पोटात होती तेव्हापासून धागे धरून थांबलेलं होतं. एवढी वर्षं धरून ठेवल्यावर एखादी जोडी सुटत नाही. या वयाच्या शंभर बायांत एखादीच्या लेकराला हे होतं. वहिनीनं काही वावगं केलं नाही, खाल्लं नाही, कापलं नाही.

हे पत्र मायला वाचून दाखव. वगळू नको.

निर्मला


सिहोरा
१४ डिसेंबर १९८०

निर्मले,

तू म्हनलीस तसंच केलं. घरापुढच्या छपरीत वाचून दाखवलं. माय होती, चिंधूकाका होता, कौशल्या दाराआड होती. काही वगळलं नाही, बीज बी वाचलं. चिंधूकाका तवा आढ्याकडे पाहत होता. मायनं पूर्न ऐकलं, सुपारी बी कातरली नाही. मंग इचारलं, "म्हनजे सूर्याचा दोष नाही?"

मी म्हनलं, "नाही."

"आन हे कौशल्या तिच्या मायच्या पोटात होती तवाचं हाय."

"हाव, पन माय, हा दोष नाही, हा धागा..."

"लाखांदूरचा धागा," माय म्हनली.

चिंधूकाका म्हनला, "लिहिलंच हाय ना. शाळेतल्या बाईनं लिहिलं, खोटं कायले लिहीन?"

अशा रीतीनं तुह्या विज्ञानानं सूर्य सुटला आन माह्या सासूले सजा झाली. माय आता म्हनते, लाखांदूरवाल्याइनं लग्नाच्या वेळी ही गोठ लपवली. एक्केचाळीस वर्षं धागा दाबून ठेवला आन ऐन वेळी आपल्या घरात सोडला. गावात बी पसरलं. पहिले लोकं म्हनत, ग्रहणातलं लेकरू. आता म्हनतात, सासुरवाडीचं. तुह्या पत्राचं नाव झालं, असं समज.

कौशल्या लेकरू घेऊन लाखांदूरले गेली हाय. म्हनली, जरा जाऊन येतो. मी काय अडवू? मायची तब्येत बी अशी, बोललं का छातीत धडधडते. धान चुरून मळणी झाली का पाहू.

टेकचंद

ता. क. तुळसा स्वयंपाक करून राहिली. भातात मीठ नसते, पन बोलाची सोय नाही.


जवाहरनगर
२१ डिसेंबर १९८०

वहिनी,

भाऊचं पत्र आलं. तुम्ही स्वतःहून गेलात असं लिहिलंय. तो कमी लिहितो तेव्हा मला जास्त वाचावं लागतं, म्हणून तुम्हालाच विचारते. काय झालं, आणि गोपी कसा आहे? मी ज्या पत्रात तुम्हाला सोडवायला गेले त्यानंच तुम्हाला घराबाहेर काढलं, असं दिसतं. आणखी काही लिहू का मायला?

निर्मला


लाखांदूर
५ जानेवारी १९८१

निर्मलाबाईले कौशल्याचा नमस्कार.

मी चौथी शिकली, म्हनून अक्षर सरळ हाय, बाकी समजून घ्या.

तुमच्या भावानं लिहिलं का मी म्हनली, जाऊन येतो. मी असं काही म्हनली नाही. पत्र वाचलं त्या दिवसापासून तुमची माय माह्या हातचं पानी पिईना. गोपीले अंगावर घेईना. मंग एका सकाळी ह्याइनं माही पेटी सायकलीले बांधली आन स्टँडवर आनली. बस आली तवा पेटी टपावर चढवली, दोर आवळला, दोनदा हालवून पाहिला. पेटीची खूप काळजी घेतली. मले म्हनाले, "धानाचं झालं का येतो." मी म्हनली, "पेटी न्याले का मले?" बस सुटली.

इथं माही माय दिवसभर आठवून राहिली, का मी पोटात होती तवा तिनं काय खाल्लं. शिंगाडे खाल्ले होते म्हनते, बोडीच्या पान्यातले. कोनी आलं का त्याले सांगते, "माह्याच हातानं झालं, मीच खाल्ले," आन रडते. म्हनजे तिकडे सासू माह्या मायचा दोष काढते, इकडे माय कबूल करते. मामला मिटला म्हना ना.

बाई, तुमी चांगल्या मनानं लिहिलं हे मले समजते. पन आता मले सोडवू नका. तुमी ग्रहणातून सोडवलं तर मी धाग्यात अटकली. उद्या धाग्यातून सोडवसान तर अजून कशात अटकीन. कोनाचा दोष हे पक्कं झालं म्हनजे गोपी बसाले शिकनार हाय का?

मले दोन गोष्टी सांगा, धाग्याशिवाय. तो चालन का? आन मले माय म्हनन का?

दूध पाजाले तास जाते, जीभ बाहेर ढकलते. पन पिते. काल पहिल्यांदा आवाज काढून हासला. शेजारच्या कुंताबाईनं इचारलं, "कोन हासलं?" मी म्हनली, "आमचा गोपी." ती म्हनली, "मले वाटलं, एखादं मोठं मानूस हाय." आवाज जाडा हाय त्याचा. बाकी काही नाही.

कौशल्या


जवाहरनगर
१२ जानेवारी १९८१

वहिनी,

चालेल. उशिरा चालेल, अडीच-तीन वर्षांचा होईल तेव्हा. माय म्हणेल, मला वाटतं नक्की म्हणेल, पण त्याहूनही उशिरा, आणि शब्द थोडेच असतील. शाळा फारशी होणार नाही. सर्दी झाली तर छातीत उतरू देऊ नका, अशा मुलांना ती जड जाते. डॉक्टरांनी हृदय तपासलं होतं, ते चांगलं आहे. ही मोठी गोष्ट आहे, माझ्या मागच्या लांबलचक पत्रात ती लिहायची राहून गेली.

शिंगाड्यानं काहीही होत नाही. तुमच्या आईला सांगा, मी स्वतः येऊन त्यांच्यासमोर शिंगाडे खाईन.

वर्षानुवर्षं पेशीविभाजन शिकवते मी. परीक्षेत आकृती काढा म्हणतात, नावं द्या म्हणतात. धाग्याशिवाय सांगा, असं कोणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला मला चार कागद फाडावे लागले.

पुढच्या आठवड्यात येते.

निर्मला


जवाहरनगर
२ फेब्रुवारी १९८१

ती. भाऊ,

मी लाखांदूरला जाऊन आले. मुंबईहून रक्ताचा निकालही आलाय. धाग्यांचा फोटो काढून ओळीनं चिकटवलेत. सत्तेचाळीस.

तो जास्तीचा धागा कोणी दिला हे त्यात लिहिलेलं नाही. बहुतेक वेळा आईकडून येतो. कधीकधी बापाकडूनही येतो. मागच्या पत्रात मी बापाचं वाक्य लिहिलं नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून. वहिनीला काय वाटेल ते सुचलं नाही. मी पण तुझीच बहीण.

तेव्हा न्यायानं तुझीही पेटी बांधायला हवी. अडचण एवढीच की पुरुषाला माहेर नसतं. मायचं माहेर लाखनीला आहे, तिथं मामाकडे तुझी सोय होईल का, विचारू? पेटीचा दोर दोनदा हालवून पाहतोस असं कळलं, म्हणजे सामान बांधायला दुसरं कोणी लागणार नाही.

आणि मायनं जो निवाडा दिलाय तो अर्धवट का सोडायचा? तुळसा वहिनीच्या पोटात होती तेव्हा तुळसाची सगळी अंडी तिथंच तयार झाली. सिहोऱ्यात. आपल्या घरात, मायनं रांधलेलं खाऊन. उद्या तुळसाचं लग्न होईल, तिच्या लेकरात काही कमीजास्त झालं तर तिची सासू लाखांदूरचं नाव घेणार नाही. ती म्हणेल, सिहोऱ्याचा धागा. मायनं उत्तर आत्ताच तयार करून ठेवावं, वेळेवर सुचत नाही.

गोपी माझ्याकडे पाहून हसला. तू त्याला शेवटचा कधी पाहिलास ते आठव.

हे पत्र छपरीत वाचायचं की नाही, ते तू ठरव.

निर्मला


सिहोरा
२६ मार्च १९८१

निर्मले,

छपरीत वाचलं नाही. उशीखाली ठेवलं, आन तुळसानं गादी झटकताना काढून वाचलं. दहावीतली पोरगी, हेच सारं तिले परीक्षेले हाय. संध्याकाळी वाढताना म्हनली, "बाबा, मले बी एक पेटी घेऊन ठेवा. लग्नातच देऊन टाका, मंग धावपळ नको."

माय बाजूले जेवत होती. म्हनली, "काय बडबडून राहिली?"

तुळसा म्हनली, "मी बी त्याच मायच्या पोटातून आली ना, आजी. माह्या आत बी तोच धागा असन. सासरचे वापस पाठवतीन तवा ठेवसान का मले, का लाखांदूरले जाऊ?" हे बोलताना ती वाढून राहिली होती, आवाज बी चढवला नाही. मायचा घास हातातच राहिला. मी भात चिवडला. त्या दिवशी त्यात मीठ होतं.

होळीनंतर लाखांदूरले गेलो. कौशल्या ओट्यावर लेकराले पाजत बसली होती. मले पाहून उठली नाही. लेकराले म्हनली, "पाह्य गोपी, कोन आलं. पेटीवाले आले."

मी म्हनलं, "न्याले आलो."

"कोनी पाठवलं? मायनं का निर्मलाबाईनं?"

मी म्हनलं, कोनी नाही. ते अर्धं खरं होतं. मंग तिनं वाटी-चमचा माह्या हाती दिला. "पाजा," म्हनली, आन आत निघून गेली. निर्मले, मी बैल वखराले जुंपले, पिसाळलेला गोऱ्हा धरला, पन असं काम केलं नाही. एक चमचा आत जाते, अर्धा बाहेर येते, पोट्टा माह्या तोंडाकडे पाहते जसं काही त्याले माही कीव येऊन राहिली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी वाटी सरली नाही. सरली तवा सासूबाई दाराशी उभ्या होत्या. शिंगाड्याचं काहीतरी पुटपुटत होत्या. मी म्हनलं, "माय, काही झालं नाही शिंगाड्यानं. माह्याकडून बी आला असन धागा." हे तोंडातून कसं निघालं मले माहीत नाही. कौशल्या आतून बाहेर आली.

रात्री ती बोलली. म्हनली, "तुमच्या मायनं मले काय बोलाचं ते बोलावं, माह्या तोंडावर बोलावं, मी कामं करत ऐकीन. पन छपरीत माह्या पोटाचं पत्र पुन्हा वाचाचं नाही. आन याले रोज एक वेळ तुमी पाजाचं." मी हाव म्हनलं.

येताना पेटी टपावर कोनी चढवली मले माहीत नाही, गोपी माह्याजवळ होता.

घरी आलो तर माय छपरीत. "आलीस?" म्हनली. "आली," कौशल्या म्हनली. तेवढंच. पन सांजेले मी पाहिलं, लेकराच्या डोक्याले तेल लावलेलं होतं. कौशल्यानं लावलं नव्हतं आन तुळसानं बी नाही.

जवाईबापूले नमस्कार. ते काय बनवतात ते नका सांगू म्हना, आमचं घर आधीच बारूदानं भरलेलं हाय.

टेकचंद


सिहोरा
२० ऑक्टोबर १९८५

निर्मले,

तुळसाच्या साक्षगंधाले तू आली नाहीस. सहामाही परीक्षा होत्या, हे मायले पटलं नाही. म्हनते, पोरी नापास झाल्या असत्या तर कोनतं आकाश पडत होतं. म्हनून जे झालं ते लिहून कळवतो.

गोपी कसा हाय ते तुले उन्हाळ्यात दिसलंच. आता "मा" म्हनते, "बा" म्हनते, आन कौशल्याले खुशीत आला का "कौल्या" म्हनते, ते आपली माय बोलते तसं. मायच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला हाय. सकाळी ती उठली का हा तिचं बोट धरते आन अंगनात नेऊन बसवते. चालते हळू, ती बी हळू, जोडी जमली. त्यानं खाल्ल्याशिवाय ती ताटाले हात लावत नाही. तिचं मत बदललं असं समजू नको. रोज सकाळी लाखांदूरचा उद्धार होते, कौशल्या भांडे घासत "हाव" म्हनते, दिवस सुरू होते.

तर साक्षगंध. पोराकडची मानसं बसली होती, पोहे वाटून राहिले होते. गोपी नवा सदरा घालून मायजवळ बसला, जीभ बाहेर. पोराच्या आत्यानं, सुलोचनाबाईनं, त्याच्याकडे पाहिलं, तुळसाकडे पाहिलं, आन हळूच इचारलं, "हे लेकरू त्या ग्रहणातलं का?"

हळूच म्हनलं, पन सगळ्याइनं ऐकलं. पोहे वाटनारे थांबले. तुळसाची मान खाली. कौशल्या बोलाले उठत होती, तर माय म्हनली, "ग्रहण? कोन म्हनलं ग्रहण?"

सुलोचनाबाई म्हनली, "नाही, आमी ऐकलं होतं..."

"तुमी शिकलेल्या दिसत नाही, बाई," माय म्हनली. "मानसाच्या अंगात शेहेचाळीस धागे राहतात. तुमाले बी तेवढेच हायेत, मले बी तेवढेच, मोजून. आमच्या गोपीले सत्तेचाळीस. मुंबईहून फोटो आला हाय, पाहाचा असन तर दाखवतो. एक लाखांदूरहून जास्तीचा आला. तिकडची मानसं देताना हात आखडत नाहीत."

मंग पोराचा बाप म्हनला, "असं का," आन पोहे मागितले. कौशल्या आत गेली आन बऱ्याच वेळानं बाहेर आली, डोळे धुतलेले होते. लग्न वैशाखात धरलं हाय.

धागा असा लाखांदूरहून येत नसते, आन जास्तीचा म्हनजे चांगला असं बी नसते, हे मले आता समजते. तुळसाले तर तुह्यापेक्षा चांगलं समजते. पन गावात मायनं सगळ्याइले असंच सांगून ठेवलं हाय. तू दिवाळीले येशीन तवा तिले दुरुस्त करू नको.

तुहा,
टेकचंद